खिशातला चाकू आणि कायदा

फळ चिरावे, पेन्सिलीला टोक करावे, सुतळी कापावी, एवढ्यासाठी घडीचा चाकू खिशात बाळगणारी माणसे पुष्कळ आहेत. हा चाकू शस्त्र ठरतो काय? १९५९ च्या शस्त्र कायद्याचे उत्तर समंजस आहे. माऱ्याकरिता वा बचावाकरिता घडविलेली वस्तू ते शस्त्र. केवळ घरकामाची वा शेतीची वस्तू शस्त्रांत मोडत नाही. नियमांनी मापही दिले. पाते नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असलेले सुरे शस्त्रांच्या यादीत येतात. तेथेही घरगुती, शेतकी, वैज्ञानिक व औद्योगिक उपयोगाची पाती वगळली आहेत.

परंतु मापाने प्रश्न संपत नाही. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने ७.६२ सेंटिमीटर लांब व १.७२ सेंटिमीटर रुंद वा त्याहून मोठ्या पात्याच्या खटक्याच्या चाकूंवर निर्बंध घातले. महाराष्ट्रात १९५१ च्या पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमान्वये शांततेसाठी चाकू, एवढेच काय, काठी बाळगण्यासही काही काळ मनाई करता येते. काल निर्दोष असलेली वस्तू मग आज गुन्ह्याचे कारण होते.

याची झळ अधिक लागते ती हातावर पोट असणाऱ्यांना. शहाळेविक्याचा कोयता आणि चांभाराची रापी ही त्यांची रोजची भाकरी आहे. म्हणून झडतीत चाकू सापडला की पहिला प्रश्न 'कशासाठी?' हाच असावा. आणि ज्याचे सरळ उत्तर देता येईल एवढाच चाकू नागरिकाने खिशात ठेवावा.