घरावरची छत्री आणि बंद पडलेले इंटरनेट

(भडगाव येथील प्रौढ साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



आज आपण छत्रीविषयी बोलणार आहोत. पावसात डोक्यावर धरतो ती छत्री नव्हे. घराच्या धाब्यावर बसवतात ती, आकाशाकडे तोंड केलेली. टीव्हीची छत्री तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. तशाच छत्रीने आता घरात इंटरनेटही येते. ज्या मळ्यात तार पोचली नाही आणि मोबाइलला रेंज नाही, तिथे हाच मार्ग उरतो.

पण ही छत्री कधी कधी बंद पडते. मग काय करायचे?

काय करायचे नाही, ते आधी सांगतो. गिरणाकाठच्या एका मळ्यातले घर. घरची मुलगी दहावी पास झाली. आयटीआयच्या प्रवेशाचा अर्ज इंटरनेटवर भरायचा होता. शेवटचा दिवस होता. बाहेर पाऊस. नाल्याला पूर, त्यामुळे भडगावला येण्याची सोय नाही. आणि नेमके त्या संध्याकाळी इंटरनेट बंद पडले. मुलगी रडकुंडीला आली. तिचे आजोबा, त्यांना सगळे जिभाऊ म्हणतात, तडक पाना घेऊन धाब्यावर चढले. छत्रीचे नट सैल केले. छत्री थोडी इकडे फिरवली, थोडी तिकडे फिरवली. खालून नातू ओरडत होता, "काय व्हयनं, जिभाऊ?" काहीच होत नव्हते.

चार दिवसांनी मेकॅनिक आला. त्याने छत्री पुन्हा जागेवर आणली, फेरीचे पैसे घेतले. जाताना त्याने विचारले, "ही पिन अशी अर्धवट का?" मिक्सर लावण्यासाठी कोणीतरी इंटरनेटच्या पेटीची पिन काढली होती. परत लावताना ती नीट बसली नव्हती. मूळ बिघाड तेवढाच होता. छत्री बिघडली ती जिभाऊंच्या पान्याने. मुलीची पहिली फेरी हुकली ती हुकलीच.

आम्ही जिभाऊंना दोष देत नाही. नातीसाठी भर पावसात सत्तरीचा माणूस वर चढला. पण ते छत्रीपासून सुरुवात करून घराकडे आले. सुरुवात घरातून करायची आणि छत्रीकडे शेवटी जायचे. आणि छत्रीला हात तर लावायचाच नाही. असे का, ते समजायला हे यंत्र चालते कसे ते थोडे पाहू.

आकाशात फार उंच, सुमारे ३६,००० किलोमीटरवर, उपग्रह असतो. तो पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून आपल्याला एकाच जागी थांबल्यासारखा असतो. आपल्या देशाचा जीसॅट-११ हा असाच एक उपग्रह. डिसेंबर २०१८ मध्ये तो दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयाना येथून आकाशात सोडला. त्याचे वजन ५,८५४ किलो होते. खेड्यापाड्यांत इंटरनेट पोचवणे हे त्याचे एक काम. तुमची छत्री उपग्रहाला हाक मारते. उपग्रह ती हाक खाली दूरच्या शहरातल्या मोठ्या केंद्राकडे पाठवतो. तिथून उत्तर निघते, पुन्हा वर जाते आणि मग तुमच्या छत्रीत उतरते. असे केंद्र आपल्या राज्याला नवे नाही. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातल्या आर्वी गावी १९७१ सालीच उपग्रहाशी बोलणारे केंद्र उभे राहिले. त्या वेळी ते परदेशी टेलिफोनसाठी होते.

आता हिशेब करा. हाक वर गेली, खाली आली. उत्तर वर गेले, खाली आले. चार वेळा ३६,००० म्हणजे १,४४,००० किलोमीटर. या लहरी सेकंदाला ३,००,००० किलोमीटर जातात. तरी अर्धा सेकंद लागतोच. म्हणून सुरतेच्या मुलाशी बोलताना तुमचे बोलणे आणि त्याचे बोलणे एकमेकांवर चढते. तो बिघाड नाही. आपले बोलून झाले की थोडे थांबावे, एवढेच.

आणि छत्रीला हात का लावायचा नाही? छत्री एक अंश, म्हणजे सुताएवढी, सरकली तर उपग्रहाच्या उंचीवर तिची नजर सहाशे किलोमीटरहून अधिक चुकते. डोळ्याने पाहून ती परत लावता येत नाही. मेकॅनिकजवळ त्यासाठी मोजायचे यंत्र असते.

तर इंटरनेट बंद पडले. आधी पेटीपाशी या. दिवे पाहा. एकही दिवा नाही? मग वीज पाहा. लोडशेडिंग आहे का? पिन घट्ट बसली आहे का? त्याच बोर्डात मोबाइलचा चार्जर लावून पाहा. बोर्डच मेला असेल तर छत्रीचा त्यात काय दोष! उन्हाळ्यात शेतातले पंप एकदम सुरू झाले की व्होल्टेज पडते. दिवा लागतो, पण पेटी चालू-बंद होत राहते. तेव्हा ती बंद करून ठेवा आणि व्होल्टेज आल्यावर लावा. वीज परत आल्यावरही इंटरनेट लगेच येत नाही. पेटीला उपग्रह पुन्हा शोधावा लागतो. त्याला पाच-दहा मिनिटे लागतात. लोक इथेच घाई करतात. दोन मिनिटांत पुन्हा बंद, पुन्हा चालू. मग ती बिचारी शोधणार कधी?

दिवे आहेत, पण इंटरनेट नाही, असेही होते. पेटीवरची नावे इंग्रजीत असतात. याचा आम्हाला राग येतो. मराठी मुलखात विकायची वस्तू, तिच्यावर मराठी लिहायला काय हरकत आहे? पण ते होईपर्यंत आपणच लिहू. मेकॅनिक बसवायला येईल त्याच दिवशी त्याला प्रत्येक दिव्याचा अर्थ विचारा. कागदाच्या चिठ्ठ्या करा. 'वीज', 'वरून येते', 'आपण पाठवतो', 'घरातली जोडणी'. प्रत्येक दिव्याखाली चिठ्ठी चिकटवा. सगळे ठीक असताना कोणता दिवा कसा जळतो तेही लिहून ठेवा. आता तुम्हाला लिहिता येते. मग घरात कोणीही शिकलेले माणूस नसले तरी अडणार नाही, कारण ते माणूस तुम्हीच आहात.

'वरून येते' आणि 'आपण पाठवतो' हे दोन्ही दिवे नेहमीसारखे असतील, तर छत्री ठीक आहे. बिघाड घरात आहे. पेटीपासून मोबाइलपर्यंत वायफाय येते. ते भिंतीत अडते. मातीच्या जाड भिंतीपलीकडे, ओसरीच्या टोकाला ते पोचत नाही. पेटीजवळ येऊन पाहा. तरीही चालत नसेल तर पेटी बंद करा, अर्धा मिनिट थांबा, मग चालू करा. दोन पेट्या असतील तर छत्रीच्या तारेची आधी, वायफायची मागून. पैसे भरले आहेत का, महिन्याचा साठा संपला का, हेही पाहा. साठा संपला की काही कंपन्या वेग फार कमी करतात. लोकांना वाटते यंत्र बिघडले.

'वरून येते' हा दिवा गेला असेल, तर मात्र बाहेर पाहायचे. पाहायचे म्हणतो, चढायचे नाही. अंगणातूनच पाहा. मोठा पाऊस कोसळतो आहे का? या लहरी फार आखूड, बोटाच्या रुंदीएवढ्या असतात. पावसाचे जाड थेंब त्या अडवतात. असा पाऊस थोडा वेळच टिकतो. तो ओसरला की इंटरनेट आपोआप येते. एक गंमत सांगतो. कधी भडगावला आकाश स्वच्छ असते, तरी इंटरनेट जाते. कारण दूरच्या शहरात जिथे ते मोठे केंद्र आहे, तिथे पाऊस कोसळत असतो. हाक तिथे अडते.

दुसरी गंमत सूर्याची. मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या आरंभी सूर्य काही दिवस बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. त्याच्या तापलेल्या लहरींत उपग्रहाचा बारीक आवाज बुडून जातो. तेव्हा दिवसातून काही मिनिटे, रोज जवळपास त्याच वेळी, इंटरनेट जाते आणि येते. कोणाला दोष देऊ नका, पैसे घालवू नका. चार-सहा दिवसांत सूर्य पुढे सरकतो.

पाऊस नाही, सूर्यही नाही. मग छत्रीवर काही पडले आहे का? उन्हाळ्यात धाब्यावर कुरडया-पापडांचे वाळवण असते. वाळवण राखायला बाजेवर बसलेल्या मावशी छत्रीच्या दांड्यावर गोधडी टाकतात. सोय चांगली, पण इंटरनेट बंद. नव्या सिमेंटच्या टाकीने, वाढलेल्या कडूलिंबाच्या फांदीनेही असेच होते. मात्र झाड तोडण्याआधी विचार करा. आपल्या भागातून असे उपग्रह दक्षिणेकडे किंवा नैऋत्येकडे आणि फार उंचावर असतात. छत्री सरळ समोर पाहते असे दिसते, पण तिची नजर बरीच वर असते. दूरचे झाड सहसा आड येत नाही. जवळची, वर झुकलेली फांदी येते. समोरचा लिंब तोडून काही मिळणार नाही. शिवाय आखाजीला झोका कशाला बांधाल?

आता दुसऱ्या जातीच्या छत्र्याही आहेत. त्यांचे उपग्रह यापेक्षा फार खाली असतात आणि सारखे धावत असतात. त्यांच्याशी बोलताना वेळ कमी लागतो, पण छत्रीला आकाश बरेच मोकळे लागते. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र सरकारने स्टारलिंक कंपनीबरोबर अशा सेवेसाठी इरादापत्र केले. त्यात गडचिरोली, वाशीम, धाराशिव आणि आपल्या खानदेशातला नंदुरबार हे जिल्हे आहेत. तिथल्या पाहुण्यांकडे गेलात तर ही छत्री वेगळी दिसेल. पण पिन, तार आणि दिवे आधी पाहायचे, हे तिथेही तेच.

तारेचे राहिले. उंदीर तार कुरतडतो, माकडे ओढतात, जोडात पाणी शिरून गंज चढतो. तार डोळ्याने तपासा. पण जोड उघडायचा नाही. पेटी चालू असताना त्या तारेतून छत्रीपर्यंत वीज जाते. छत्रीच्या पुढे दांड्यावर जे शिंग असते, त्याच्या आणि छत्रीच्या मध्ये पेटी चालू असताना हात किंवा तोंड घालू नका. मुलांना तिथे खेळू देऊ नका. आणि वीज कडाडू लागली की धाब्यावर कोणी जायचे नाही. गडगडाट लांब असतानाच पेटीची पिन काढून ठेवावी. बसवताना छत्रीला अर्थिंग दिले की नाही, हे मेकॅनिकला विचारून घ्या.

एवढे पाहूनही चालले नाही तर कंपनीला फोन करा. भिंतीवर एक वही टांगा. तिच्यात तारीख, वेळ, कोणता दिवा गेला, पाऊस होता का, काय करून पाहिले, हे लिहा. फोनवर तेच वाचून दाखवा. समोरचा माणूस मग तुम्हाला उगाच "बंद करून चालू करा" सांगत बसत नाही. तक्रारीचा नंबर मागा आणि वहीत लिहा. फोनचा नंबर मात्र बिलावरचाच घ्या. इंटरनेटवर शोधलेल्या नंबरावर चोर बसलेले असतात. कोणी ओटीपी मागितला की फोन ठेवा. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सरकारी नंबरावर सांगा.

अर्ज, विमा, पीक पाहणी यांची शेवटची तारीख असेल तर तिच्या आधी चार दिवस तरी काम उरका. जिभाऊंच्या नातीने यंदा अर्ज पहिल्याच दिवशी भरला. तिच्या घरच्या पेटीखाली चार चिठ्ठ्या आहेत. अक्षर जिभाऊंचे आहे, थोडे वाकडे आहे.

बोलणे पुरे झाले. बाहेर अंगणात एक पेटी आणि छत्री मांडून ठेवली आहे. पाटी-पेन्सिल घेऊन या. आधी पिन पाहू, मग दिवे वाचू.