दीर्घ हिंवाळा आणि माणसाचें मन



हिंवाळा म्हटला कीं आपणां महाराष्ट्रीयांच्या डोळ्यांपुढें हुरडा, शेकोटी, गोधडीची ऊब आणि सकाळचें कोंवळें ऊन अशीं सुखाचींच चित्रें उभीं राहतात. थंडी ही आपल्याकडे पाहुणी म्हणून येते, चार दिवस लाड करून घेते आणि निघून जाते. पण पृथ्वीच्या पाठीवर असेहि मुलूख आहेत कीं, जेथें ही पाहुणी घरची मालकीण होऊन सहा सहा महिने ठाण मांडते आणि सोबत अंधारहि घेऊन येते. भूगोलाच्या तासाला ध्रुवप्रदेशांतील रात्रीचें वर्णन केलें कीं, वर्गांतून हटकून एक प्रश्न येई : "मग मास्तर, ते लोक करतात तरी काय?" आजच्या भाषणाचा विषय तोच प्रश्न आहे.

या रात्रीशीं आपला अगदींच संबंध नाहीं असें नव्हे. लोकमान्य टिळकांनीं १९०३ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'आर्क्टिक होम इन द वेदाज' या ग्रंथांत, वेदांतील उषेचीं वर्णनें कित्येक दिवस लांबणाऱ्या ध्रुवीय पहाटेचीं आहेत, असें प्रतिपादन केलें होतें. ती उपपत्ति विद्वानांनीं पुढें मान्य केली नाहीं. तथापि पुण्याच्या उन्हांत वाढलेल्या पुरुषानें, संपतां न संपणाऱ्या रात्रीनंतर उजेड पाहणाऱ्या माणसाला काय वाटत असेल, याचा इतका बारकाईनें विचार करावा, याचें मला नेहमींच कौतुक वाटत आलें आहे.

आतां दोन हिंवाळ्यांची हकीकत सांगतों. 'बेल्जिका' नांवाचें जहाज १८९८ च्या मार्चमध्यें दक्षिण ध्रुवाकडील समुद्रांत बर्फांत अडकलें. नायक होते बेल्जमचे आद्रियाँ द जेर्लाश. सर्वांना पुरतील इतके हिंवाळी कपडेहि जहाजावर नव्हते. मे महिन्यांत सूर्य मावळला तो सुमारें सत्तर दिवस उगवला नाहीं. माणसें फिकट पडलीं, भूक गेली, बोलणें खुंटलें, आणि जून महिन्यांत दान्को या अधिकाऱ्यास मृत्यूनें गांठलें. एका खलाशाच्या मनांत तर सारे आपल्या जिवावर उठले आहेत असा संशय शिरला. जहाजावरचे वैद्य फ्रेडरिक कुक यांनीं दोन उपाय योजले. सील आणि पेंग्विन यांचें ताजें मांस खावें, हा एक. आणि रोग्यानें उघड्या अंगानें पेटत्या शेगडीपुढें रोज बसावें, हा दुसरा. नायकांना त्या मांसाची इतकी किळस होती कीं आधीं त्यांनीं तें वर्ज्यच केलें होतें. अखेर जीव धोक्यांत येतांच तें पोटांत गेलें, आणि स्कर्व्ही हटला. शेगडीचा उपायहि हास्यास्पद नव्हता. १९८४ सालीं नॉर्मन रोझेन्थाल प्रभृति डॉक्टरांनीं हिंवाळ्यांत जडणाऱ्या उदासीनतेचें शास्त्रीय वर्णन केलें, आणि तिच्यावर प्रखर प्रकाशापुढें बसविण्याचा उपचार आज रूढ आहे. वैद्यबुवांची शेगडी त्याचीच आजी म्हणावी!

दुसरा हिंवाळा नॉर्वेच्या नान्सेन यांचा. 'फ्राम' जहाज बर्फांत मुद्दाम गोठवून घ्यावें आणि प्रवाहाबरोबर वाहत जावें, अशी त्यांची योजना. तें सोडून ते आणि त्यांचे सोबती योहान्सेन पायीं उत्तरध्रुवाकडे निघाले, मागें फिरले, आणि १८९५-९६ चा हिंवाळा फ्रान्झ जोसेफ बेटांवर दगडांच्या एका खोपटांत त्यांनीं काढला. वर वॉलरसच्या कातड्याचें छप्पर, खायला अस्वलाचें मांस, दिव्याला चरबी. करमणूक म्हणाल तर झोप, तीहि कधीं कधीं वीस वीस तास. नाताळाचा सण त्यांनीं सदरे उलटे करून साजरा केला! आणि सुटका झाल्यावर पाहतात तों दोघांचेंहि वजन वाढलेलें.

सोय पाहूं गेल्यास जहाज बरें कीं दगडांचें खोपट? तरी दुर्दशा जहाजावरच्यांची झाली. त्यांतील पुष्कळांना तो हिंवाळा कैद वाटत होता. नान्सेन यांना मात्र तो आपणच पत्करलेल्या कामाचा एक भाग होता.

नॉर्वेंतील त्रॉम्सो शहरीं नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजाच्या वर येत नाहीं. कारी लीबोविट्झ या अमेरिकन विदुषी २०१४ सालीं तेथें अभ्यासासाठीं गेल्या. लोक कुढत असतील, या समजुतीनें त्या गेल्या, तों मंडळी बर्फावर घसरपट्टी करण्यांत आणि मेणबत्त्या लावून गप्पा मारण्यांत दंग! या घरगुती उबेला त्यांच्या भाषेंत 'कूसेली' म्हणतात. ऑस्लो, त्रॉम्सो आणि त्याहूनहि उत्तरेचें स्वालबार्ड अशा तीन ठिकाणीं त्यांनीं विचारपूस केली, तेव्हां जितकें उत्तरेकडे जावें तितकी हिंवाळ्याकडे पाहण्याची दृष्टि अधिक प्रसन्न आढळली.

येथें माझी एक शंका आहे. ज्यांना अंधार सोसवत नाहीं ते दक्षिणेची वाट धरतात. मग मागें उरलेले प्रसन्न दिसले तर नवल काय? शिवाय हवा वाईट नसते, कपडे वाईट असतात, अशी एक म्हण नॉर्वेंत आहे. म्हण सुरेख खरी, पण ती पेटींत लोकरीचे कपडे असणाराची आहे. एका कांबळ्यांत कुडकुडणाऱ्यास "दृष्टि बदल" म्हणून सांगणें ही थट्टा होय. बेल्जिकावर आधीं ताजें मांस लागलें, मन मागाहून सुधारलें.

म्हणूनच मला काश्मिरी गृहिणीचें फार कौतुक वाटतें. तेथें २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस 'चिल्लाई कलां', पुढें वीस दिवस 'चिल्लाई खुर्द' आणि शेवटले दहा दिवस 'चिल्लाई बच्चा' अशी थंडीची विभागणी आहे. ज्या थंडीनें दल सरोवराचें पाणी गोठतें, तिचें शेंडेफळ म्हणे बच्चा! पण हें लाडकें नांव घेण्यापूर्वीं ती बाई उन्हाळ्यांतच वांगीं, दुध्याच्या फोडी आणि टोमॅटो वाळवून ठेवते, आणि बर्फ पडूं लागला कीं वेताच्या टोपलींतील कांगडींत निखारे भरून ती फेरनच्या आंत, पोटाशीं धरते.