नाव कोणाच्या वहीत?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेले भाषण)



अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे जाऊन उन्हाळा तेथेच काढणाऱ्या आणि दिवाळीच्या बेताने परतीची तारीख ठरविणाऱ्या आपल्याकडील ज्येष्ठ मंडळींमध्ये अलीकडे एक नवी हौस रुजली आहे. ती म्हणजे न्यूयॉर्कच्या बंदरातून, अथवा न्यू जर्सीतील बेयॉनच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या एखाद्या प्रचंड जहाजावर चढून अमेरिकेतील मेन, कॅनडातील न्यू ब्रन्सविक आणि नोव्हा स्कोशिया असा उत्तरेचा किनारा गाठावयाचा, आणि शरदात तांबड्या-पिवळ्या झालेल्या मेपल वृक्षांचे दर्शन घेऊन आठवडाभराने परतावयाचे. हौस उत्तम आहे. तिला नावे ठेवण्याकरिता मी या ध्वनिक्षेपकापुढे बसलेलो नाही. जहाजावर किती भोजनगृहे असतात, तरणतलाव कोणत्या मजल्यावर असतो, हे सारे आपण नातवंडांच्या मोबाईलवर पाहिलेलेच आहे, तेव्हा त्यात वेळ दवडीत नाही. मला बोलावयाचे आहे ते ज्या एजंटामार्फत आपण ही सफर ठरवितो त्याच्याविषयी, आणि त्यातही विशेषेकरून एका क्रमांकाविषयी. हा क्रमांक कोणता, हे आज मी दोनदा सांगेन, कदाचित तीनदाही सांगेन. कंटाळा आला तरी कृपा करून रेडिओ बंद करू नये.

प्रथमच सांगतो, की एजंट नकोच, सारे आपणच संगणकावर उरकू, असे म्हणणाऱ्यांच्या पंथातला मी नव्हे. जाणत्या एजंटाचे मोल मोठे आहे. त्याचे कमिशन प्रवाशाच्या भाड्यातूनच जहाज-कंपनी त्याला देते, त्यामुळे त्याला वगळल्याने आपले फारसे काही वाचते असे नाही. उलट कोणत्या मजल्यावरील कोणत्या केबिनच्या डोक्यावर नृत्याचा दिवाणखाना आहे, समुद्र दिसणारी म्हणून विकली जाणारी कोणती खिडकी प्रत्यक्षात नारिंगी रंगाच्या जीवरक्षक नौकेच्या पाठीकडे उघडते, हे त्याला ठाऊक असते आणि आपल्याला नसते.

आपले आजे-पणजे काशीस, गयेस, किंवा जवळच त्र्यंबकास जात, तेव्हा त्यांची गाठ प्रथम क्षेत्रोपाध्यायांशी पडे, हे आपल्याला सांगावयास नको. उपाध्ये लांबट, कापडी बांधणीची वही उघडीत, गावाचे नाव विचारीत, आडनाव विचारीत, आणि चार पाने उलटताच आपल्याच घराण्यातील कोणा पूर्वजाची मोडी वळणाची सही समोर येई. ती सही पाहिली की यात्रेकरू निर्धास्त होई, कारण उतरण्याची जागा, नाव, दर्भ, पिंडाचे पीठ, परतीची गाडी, या सर्वांची तजवीज त्या वहीतील एका नोंदीतून आपोआप होत असे. परंतु त्याच घाटावर वही नसलेली मंडळीही वावरत असत. तीही तितक्याच अगत्याने बोलत, यात्रेकरूला नावेत बसवीत, आणि नाव प्रवाहाच्या मध्यावर आली, हातात पाणी घेऊन संकल्प अर्धा झाला, की दक्षिणेचा आकडा प्रथमच उच्चारला जाई. पाण्यातून उतरून जाण्याची सोय नसते, सबब दक्षिणा द्यावीच लागे.

आजचा ट्रॅव्हल एजंट हा आपला उपाध्याच आहे, आणि त्याच्यापाशीही वही असते. मात्र येथे एक फरक आहे, आणि माझे सारे बोलणे त्या फरकापाशी येऊन थांबते. येथे वह्या दोन आहेत. एक एजंटाची आणि दुसरी जहाज-कंपनीची. आणि धक्क्यावरील दार उघडते ते केवळ दुसऱ्या वहीत नाव असणाऱ्याला. एजंटाने आपल्याकडून इसार घेतला, सुबक पावती दिली, पावतीवर जहाजाचे रंगीत चित्रही छापले, म्हणून कंपनीच्या वहीत आपले नाव चढले असे होत नाही. पुष्कळदा असे घडते, की आपल्या पेठेतला एजंट ते काम मुंबईतल्या मोठ्या एजंटाकडे सोपवितो, तो ते कंपनीच्या येथील मुखत्याराकडे धाडतो, आणि या तीन हातांमध्ये आपले पैसे ‘वीस माणसांचा गट पुरा होऊ द्या’ अशा सबबीखाली महिना-दीड महिना स्वस्थ पडून राहतात. तोपर्यंत केबिनही नाही, तारीखही नाही. आहे ती पावती.

यास्तव क्रमांक मागावा. जहाज-कंपनीने आपल्या नावावर दिलेला आरक्षण-क्रमांक. एजंटाच्या पावतीचा क्रमांक नव्हे. हा क्रमांक मिळाला, की मुलाला किंवा सुनेला कंपनीच्या संकेतस्थळावर तो घालून पाहावयास सांगावे. नाव दिसले, जहाज दिसले, निघण्याची तारीख दिसली, भरलेली रक्कम दिसली, की मग उपाध्यांच्या हाती निश्चिंतपणे पाणी सोडावे. क्रमांक देण्यास जो एजंट टाळाटाळ करतो, ‘काका, माझ्यावर विश्वास नाही का?’ असे विचारतो, त्याला आपण तितक्याच प्रेमाने सांगावे, की विश्वास आहे, आणि क्रमांकही हवा आहे.

हा अविश्वास नाही. इंग्लंडात थॉमस कुक या गृहस्थाने 1841 साली लेस्टरहून लफबरोपर्यंत आगगाडीची सहल काढून या धंद्याचा पाया घातला, आणि त्याच्या नावाची पेढी 1881 मध्ये मुंबईतही उघडली. इतकी जुनी, इतक्या नावाची ती ब्रिटिश कंपनी 23 सप्टेंबर 2019 रोजी एका रात्रीत बुडाली, आणि परदेशांत अडकलेल्या सुमारे दीड लाख प्रवाशांना घरी आणण्याचे काम ब्रिटिश सरकारला करावे लागले. हिंदुस्थानातील त्याच नावाची कंपनी तोवर सर्वस्वी स्वतंत्र मालकीची झालेली होती, ती चालूच राहिली. तेव्हा गैरसमज नसावा. मुद्दा असा, की ब्रिटनमध्ये विमानासह विकल्या जाणाऱ्या सहलींच्या पैशाला कायद्याने संरक्षणाची योजना आहे, म्हणून ते लोक घरी आले. आपल्याकडे पर्यटन मंत्रालयाची मान्यता ही एजंटाच्या खुषीची बाब आहे, आणि ती असली तरी तो आपल्या रकमेचा जामीन नव्हे. अशा वेळी आपला खरा दस्तऐवज कोणता? तोच क्रमांक.

आता क्रमांकासोबत जे निश्चितीपत्र येते ते वाचण्याची तसदी घ्यावी. आपल्या लोकांची एक खोड अशी, की पन्नास रुपयांची कोथिंबीर घेताना ती जुडी उलटसुलट करून पाहतील, आणि तीन लाखांच्या कागदावर चष्मासुद्धा न चढविता सही करतील. त्या कागदावर आपले नाव पासपोर्टातल्यासारखे आहे का, हे आधी पाहावे. मधले नाव पतीचे की वडिलांचे, माहेरचे नाव कोठे राहून गेले का, आडनावाच्या रकान्यात चुकून पहिले नाव पडले का, ही रुजुवात मराठी माणसाच्या तिपेडी नावाच्या बाबतीत फारच आवश्यक आहे. मग केबिनचा क्रमांक पाहावा. त्या ठिकाणी ‘गॅरंटी’ असा शब्द दिसला तर हर्ष मानू नये. त्याचा अर्थ इतकाच, की त्या वर्गातील कोणतीही केबिन कंपनी आपल्या सोयीने देईल, आणि ती मघाच्या नारिंगी नौकेच्या पाठीमागचीही असू शकेल. भाडे बहुधा एका केबिनमध्ये दोघे आहेत असे धरून माणशी सांगितलेले असते. एकट्या जाणाऱ्या वहिनींना किंवा काकांना ते जवळजवळ दुप्पट पडू शकते. आणि बंदरांचे शुल्क, तसेच नोकरवर्गाची दर माणशी दर दिवसाची बक्षिसी, ही जाहिरातीतल्या आकड्यात आहे की बाहेर, हे लेखी विचारावे. ती बाहेर असेल, तर संकल्प अर्धा झाल्यावरची दक्षिणा ती हीच. किनाऱ्यावर असतानाच तिचा आकडा वदवून घ्यावा.

रंगांविषयी चार शब्द बोलतो, कारण येथे फसगत सर्वांत गोड असते. एजंट सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातील सफर स्वस्तात देऊ करतो आणि माहितीपत्रावर लालभडक डोंगर छापतो. झाडांना माहितीपत्र वाचता येत नाही. रात्र लांबत जाते, पानांतले हरितद्रव्य ओसरते, तेव्हा खालचा पिवळा उघडा पडतो, आणि पानात अडकलेल्या साखरेपासून तांबडा चढतो. हे उत्तरेत आणि अंतर्भागात आधी घडते, समुद्रकाठी मागाहून, कारण समुद्राचे पाणी किनाऱ्याला ऊबदार ठेवते. सेंट लॉरेन्स नदीतून क्वेबेकपर्यंत जाणाऱ्या सफरींत सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरच्या आरंभी रंग भरात असतात. मेनच्या किनाऱ्यावर ते बहुधा ऑक्टोबरच्या मध्याकडे सरकतात. सप्टेंबरच्या आरंभी किनारा हिरवागार असतो, वर तोच काळ अटलांटिकमधील वादळांच्या ऐन जोराचा, आणि वादळ आले की कप्तान बंदर वगळतो. तो त्याचा अखत्यार आहे, तिकिटाच्या अटींत तो लिहिलेला आहे. अशा वेळी बहुधा त्या बंदराचे शुल्क तेवढे परत मिळते. नोव्हा स्कोशियातील हॅलिफॅक्स चुकले म्हणून भाडे परत मिळत नाही, आणि एजंटाशी भांडूनही मिळत नाही.

एजंट जाणता आहे की नाही, हे पारखावयाचे असेल तर त्याला एकच प्रश्न विचारून पाहा. न्यू ब्रन्सविकमधील सेंट जॉन हे बंदर ज्या फंडीच्या उपसागरावर आहे, तेथे जगातली सर्वांत मोठी भरती-ओहोटी होते, आणि भरतीच्या दाबाने तेथील नदी दिवसातून दोनदा उलटी वाहते. हे उलटे वाहणे पाहण्यास लोक मुद्दाम जातात. तर विचारा, की आमचे जहाज ज्या दिवशी तेथे लागेल त्या दिवशी ती वेळ आमच्या मुक्कामात पडते काय? जो म्हणेल ‘पाहून सांगतो’, आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच सांगेल, त्याच्या हाती आपली यात्रा द्यावी. जो तत्काळ म्हणेल ‘हो हो, सगळं दिसतं’, त्याला नमस्कार करावा.

काचेपलीकडून खूण झालेली आहे, आणि माझे दोन मुद्दे तर अजून वहीतच आहेत. पैसे परत मिळण्याच्या मुदतींचा एक मुद्दा. कंपनीकडे पूर्ण रक्कम भरण्याची मुदत साधारणपणे तीन महिने आधी येते, एजंट ती त्याहूनही अलीकडची सांगतो, आणि त्यानंतर रद्द केल्यास परतीचा हिस्सा पायरीपायरीने घटत जाऊन शेवटी शून्य होतो. एजंटाची स्वतःची रद्दशुल्काची अट याखेरीज. येथूनच सफर विकत घेतल्यास परदेशी सहलीवरचा जो कर 1 ऑक्टोबर 2020 पासून विक्रेता उगमातच वसूल करतो, तो प्राप्तिकराच्या विवरणात वळता करून घेता येतो, त्याचा दाखला एजंटाकडून... असो, ते आपल्या कर-सल्लागारांना विचारा. विम्याविषयी बोलण्यास आता अवधी नाही.

पण हे एक राहता कामा नये. मुलगा अमेरिकेचा नागरिक, सून ग्रीन कार्डधारक. त्यांना कॅनडात शिरण्यास कॅनडाचा व्हिसा लागत नाही, आणि म्हणून आपल्या आईवडिलांना तो लागतो हे त्यांच्या ध्यानातच येत नाही. तेथील एजंटही रोज अमेरिकन पासपोर्टच हाताळतो, तोही विचारीत नाही. भारतीय पासपोर्टधारकाला हॅलिफॅक्सला उतरावयाचे तर कॅनडाचा व्हिसा स्वतंत्रपणे हवा, आणि अमेरिकेचा व्हिसा अनेकवार प्रवेशाचा हवा, कारण जहाज परतते तेव्हा आपण अमेरिकेत पुन्हा नव्याने शिरत असतो. हे कागद नसतील, तर कंपनीच्या वहीत नाव असूनही धक्क्यावर अडवितात, आणि भाड्याचा एक पैसाही परत देत नाहीत. व्हिसाची दरखास्त मंजूर होण्यास आठवडे लागतात. इसार देण्याआधी ती करावी.

पुढील शरदाकरिता ज्यांनी पैसे भरले आहेत, त्यांनी उद्या सकाळी दहा वाजता एजंटाचे कार्यालय उघडले, की पहिला फोन करावा आणि कंपनीचा आरक्षण-क्रमांक कागदावर उतरवून घ्यावा.