लहानांची जोडणी आणि डॉ. विजय भटकर

(केम, जि. सोलापूर येथे शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



केमचे कुंकू महाराष्ट्राला परिचित आहे. हळदीपासून कुंकू सिद्ध करणाऱ्या या गावी महासंगणकाचा विषय काढणे काहीसे अप्रस्तुत वाटेल. परंतु करमाळा तालुका अवर्षणप्रवण आहे. पाऊस केव्हा येणार, हा येथील शेतकऱ्याचा पहिला प्रश्न असतो. ऐंशीच्या दशकात याच प्रश्नाच्या उत्तरासाठी भारताला परदेशी यंत्राच्या दारी जावे लागले होते. त्या अवलंबनातून मार्ग काढण्याच्या कार्यात एका मराठी शास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. ते शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. विजय भटकर.

डॉ. भटकर यांचा जन्म ११ ऑक्टोबर १९४६ रोजी अकोला जिल्ह्यातील मुरंबा या लहानशा खेड्यात झाला. नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९६५ मध्ये पदवी, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून १९६८ मध्ये पदव्युत्तर पदवी आणि दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून १९७२ मध्ये डॉक्टरेट, असा त्यांचा शिक्षणक्रम. पुढे केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्सविषयक नियोजनात त्यांनी काम केले आणि १९८० ते १९८७ या काळात तिरुवनंतपुरम येथील संशोधन व विकास केंद्राचे संचालकपद सांभाळले. विद्यापीठाने त्यांना विषय दिला. शासकीय संशोधनसंस्थेने त्या विषयाला कामाची मुदत आणि हिशेब यांची शिस्त दिली. पुढील कार्यास या दोहोंची गरज पडली.

हवामानाचा अंदाज वर्तविण्यासाठी वातावरणाच्या असंख्य चौकोनांचे गणित अल्पावधीत सोडवावे लागते. त्यासाठी भारताला अमेरिकेतील क्रे कंपनीचा महासंगणक हवा होता. परंतु असे यंत्र अण्वस्त्रे व क्षेपणास्त्रे यांच्या आखणीसही उपयोगी पडते, या शंकेने अमेरिकेने अधिक शक्तिमान यंत्र देण्याचे नाकारले. त्याहून कमी क्षमतेचे यंत्र वापरावर अटी घालून दिले गेले आणि ते १९८९ मध्ये दिल्लीच्या हवामान केंद्रात आले. पैसा मोजण्याची तयारी असूनही वस्तू मिळत नाही, हा अनुभव देशाला बरेच काही शिकवून गेला.

याच सुमारास, १९८८ मध्ये, केंद्र सरकारने पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, ही संस्था स्थापन केली. तिची धुरा डॉ. भटकर यांच्याकडे सोपविण्यात आली. मुदत तीन वर्षांची, खर्चाची मर्यादा सुमारे ३० कोटी रुपयांची आणि उद्दिष्ट दर सेकंदाला एक अब्ज आकडेमोडी करणाऱ्या यंत्राचे होते.

क्रेसारखा एकच अतिवेगवान गणकमेंदू घडविण्याची साधने तेव्हा देशात नव्हती. म्हणून समांतर संगणनाचा मार्ग निवडण्यात आला. पंचायत सदस्यांना ही कल्पना समजणे अवघड नाही. मतमोजणीच्या दिवशी एकाच चपळ कर्मचाऱ्यापुढे सर्व मतांचा ढीग ठेवला जात नाही. अनेक टेबले मांडून काम वाटून दिले जाते. मात्र हवामानाचे गणित मतमोजणीहून कठीण. मतमोजणीत एका टेबलाला दुसऱ्याची वाट पाहावी लागत नाही. हवामानात शेजारच्या चौकोनातील वारा आपल्या चौकोनात शिरतो. कालव्याच्या वरच्या अंगाला किती पाणी घेतले, यावर खालच्याचे पाणी ठरते, तसेच हे आहे. म्हणून प्रत्येक लहान गणकाला शेजाऱ्याशी क्षणोक्षणी बोलावे लागते. काम वाटणे सोपे, मेळ घालणे अवघड. सी-डॅकची खरी कसोटी या मेळात होती.

१९९१ मध्ये ‘परम ८०००’ सिद्ध झाला. येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. त्यातील गणकचकत्या ब्रिटनमधील इन्मॉस कंपनीच्या होत्या. त्या भारतात तयार झालेल्या नव्हत्या. भारतीय होती ती यंत्राची रचना, चकत्यांची जोडणी आणि त्यांच्याकडून एकदिलाने काम करवून घेणारी आज्ञावली. कच्चा माल बाहेरचा असला तरी त्याचे काय करावयाचे हे ज्ञान आपले असेल, तर पुढचे पाऊल टाकण्यास कोणाची परवानगी लागत नाही. १९९८ च्या ‘परम १००००’ ची क्षमता पहिल्या उद्दिष्टाच्या शंभरपट होती. २००३ मध्ये ‘परम पद्म’ला जगातील पाचशे महासंगणकांच्या यादीत १७१ वे स्थान मिळाले. २०१५ मध्ये ४,५०० कोटी रुपयांचे राष्ट्रीय महासंगणन अभियान सुरू झाले आणि २०२४ मध्ये ‘परम रुद्र’ श्रेणीचे तीन महासंगणक पुणे, दिल्ली व कोलकाता येथे राष्ट्राला अर्पण झाले.

डॉ. भटकर यांनी १९९८ मध्ये सी-डॅक सोडले, तरी संस्थेचे काम खंडित झाले नाही. त्यांच्या कारकीर्दीचे हे एक मोठे श्रेय म्हटले पाहिजे. पुढे ते शिक्षणाच्या क्षेत्राकडे वळले. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या कार्याला त्यांचे मार्गदर्शन लाभले. २०१७ मध्ये नालंदा विद्यापीठाचे कुलपती म्हणून त्यांची नियुक्ती झाली. २००० मध्ये ‘पद्मश्री’ आणि २०१५ मध्ये ‘पद्मभूषण’ या किताबांनी त्यांचा गौरव झाला. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत जन्मलेले ‘जिस्ट’ हे तंत्रही सी-डॅकमध्येच वाढीस लागले. त्यामुळे संगणकाच्या पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटविणे सुकर झाले. शाळेतील व ग्रामपंचायतीतील मराठी कामकाजाच्या दृष्टीने या कार्याचे मोल महासंगणकाहून कमी नाही.

आता पुन्हा पावसाकडे वळू. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत २०१८ मध्ये बसविलेला ‘प्रत्यूष’ हा क्रे कंपनीचाच होता. पूर्वी जे देण्यास नकार मिळाला, ते आता सरळ खरेदी करता आले. स्वतः घडविण्याची ताकद अंगी असणाऱ्याला बाजारातही निवड करता येते. ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायत पातळीवरील हवामान अंदाज ‘ई-ग्रामस्वराज’ व्यवस्थेतून उपलब्ध झाला. मे २०२५ मध्ये सहा किलोमीटरच्या चौकोनापर्यंत अंदाज देणारी पद्धती कार्यान्वित झाली. पूर्वीचा चौकोन बारा किलोमीटरचा होता.

तथापि चौकोन कितीही लहान झाला तरी त्याला खरी माहिती जमिनीवरूनच मिळते. पर्जन्यमापकाची नोंद एक दिवस चुकली, किंवा अंदाजाने आकडा भरला, तर महागडे यंत्रही चुकीच्या आकड्याचेच गणित वेगाने करील. शाळेत मुलांकडून पावसाची नोंद रोज ठेवून घेणारे शिक्षक आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर हवामानाचा अंदाज रोज लिहविणारे सदस्य हेही या मोठ्या जोडणीतील गणकच आहेत. मुरंब्याच्या मुलाला गणिताची वाट मोकळी झाली, तशी ती केमच्या शाळेतील मुलामुलींनाही मोकळी व्हावी. त्यासाठी प्रयोगशाळेच्या कुलपाची किल्ली वर्षभर कपाटात राहणार नाही, एवढी काळजी गावाने घेतली तरी पुष्कळ होईल.