मैदानावरील वैद्य
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, विद्यार्थ्यांच्या गुणगौरवप्रसंगी केलेले भाषण)



प्रतिवर्षी या व्यासपीठावरून कोणी प्राध्यापक, कोणी वकील, कोणी मोठे अधिकारी आपणांस मार्गदर्शन करीत असतात. या वर्षी चिटणीसांनी माझ्यासारख्या, शालान्त परीक्षेपलीकडे न गेलेल्या निवृत्त शिक्षकाला उभे केले आहे. विद्वत्तेची अपेक्षा कोणी ठेवू नये. आपल्या शिक्षण समितीपुढे एक अर्ज आला आहे, त्यावरून सभासदांत मतभेद झाला आहे, आणि त्या अर्जाविषयी मला चार शब्द बोलावयाचे आहेत. मी स्वतः समितीचा सभासद आहे व माझे मत अर्जाच्या बाजूचे आहे, हे आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे मी निःपक्षपाती असल्याचा आव आणला असे कोणी म्हणणार नाही.

अर्जदार आपल्याच ज्ञातीतील, बारावीच्या विज्ञान शाखेतील एक मुलगी आहे. ती खो-खो खेळते. अर्जातील ‘पुढे कोण होण्याची इच्छा आहे?’ या रकान्यात तिने लिहिले आहे, ‘क्रीडावैद्यकातील तज्ज्ञ डॉक्टर.’ हे वाचून समितीत थोडा हशा पिकला. एक सद्गृहस्थ म्हणाले, “डॉक्टर व्हावयाचे तर हृदयाचे व्हावे, मेंदूचे व्हावे, मुरगळलेले पाय चोळण्यासाठी इतकी वर्षे कशाला घालवायची?” हसणाऱ्यांत मीही होतो. घरी गेल्यावर मात्र मला त्या हसण्याची लाज वाटली. तिचे कारण सांगतो.

१९८८ साली मी सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होतो. सायंकाळी गावच्या तरुण मंडळाचा कबड्डीचा संघ माझ्याकडे असे. संघात सतरा वर्षांचा एक मुलगा होता. त्याची चढाई म्हणजे विजेचा लोळ! तालुक्याच्या स्पर्धेत उपांत्य सामन्यात पकडीतून निसटताना त्याचा पाय जमिनीत रुतला, शरीर वळले आणि गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज झाला. तो आवाज मी रेषेबाहेरून ऐकला. दोन तासांत गुडघा नारळाएवढा सुजला. अंतिम सामना त्याच संध्याकाळी होता. मी त्याच्या गुडघ्यावर पट्टी आवळून बांधली, पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, “मर्दासारखा खेळ.” उत्तरार्धात तो कोसळला. सामना आम्ही जिंकलो. ढाल अद्याप त्या मंडळाच्या कपाटात आहे.

पुढे हाडवैद्याकडून चोळणे झाले, लेप झाले. सूज उतरली, पण पायऱ्या उतरताना गुडघा निसटू लागला. पोलीसभरतीच्या धावण्यात तो मागे पडला व ते स्वप्न तेथेच संपले. गुडघ्याच्या आत दोन हाडांना धरून ठेवणारा अस्थिबंध असतो, तो तुटला की असाच आवाज होतो, थोड्याच वेळात आत रक्त साचून गुडघा सुजतो, आणि अशा गुडघ्यावर खेळविले तर आतील कूर्चाही फाटू शकते, हे मला कितीतरी वर्षांनी समजले. त्या दिवशी मैदानावर जाणता मनुष्य असता तर त्याने एवढेच म्हटले असते, ‘याला बसवा.’ ते म्हणणारा कोणी नव्हता. होतो तो मी, आणि मला ढाल हवी होती.

ही हकीकत येथे सांगण्यापूर्वी मी त्याची अनुमती घेतली. तो आज पन्नाशी उलटलेला, किराणा मालाचा दुकानदार आहे. तो म्हणाला, “सांगा गुरुजी. पण आपण जिंकलो होतो, हेही सांगा.” म्हणून ते सांगितले.

आता अर्जदार मुलीची गोष्ट पाहा. दोन वर्षांपूर्वी तिचाही गुडघा असाच गेला. मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा अधिक प्रमाणात आढळते. दैवयोगाने ती वेळेवर पुण्यास पोहोचली. शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर महिनोन्‌महिने व्यायाम चालले. आधी पाय सरळ करणे, मग मांडीच्या स्नायूंत बळ आणणे, मग एका पायावर तोल, मग उडी, आणि सर्वांत शेवटी धावताना वळणे. शस्त्रक्रियेनंतर साधारणतः नऊ महिने स्पर्धेत उतरू नये, घाई करणाऱ्यांना तीच दुखापत पुन्हा होण्याचा धोका अधिक, असे आजचे तज्ज्ञ सांगतात. ती पुन्हा खेळू लागली. मी तिला विचारले, “बाळ, हाच विषय का?” ती म्हणाली, “गुरुजी, घरात सगळे ‘खेळ सोड’ म्हणत होते. डॉक्टरबाई तेवढ्या ‘थांब’ म्हणाल्या.”

हे शास्त्र काही कालचे नव्हे. सुश्रुताने अस्थिभंग व सांधे निखळणे यांवर स्वतंत्र विवेचन केले आहे. रोमन साम्राज्यात गेलन हा विख्यात वैद्य तारुण्यात झुंजीच्या योद्ध्यांवर उपचार करीत असे. क्रीडावैद्यकाची आंतरराष्ट्रीय संघटना १९२८ साली स्थापन झाली. आपल्याकडे पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ साली निघाली आणि दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात खेळाडूंच्या दुखापतींसाठी स्वतंत्र केंद्र २०१० साली सुरू झाले. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते.

आणि हा केवळ गुडघ्यांचा विषय नाही. २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट यांना गुडघ्याच्या दुखापतीमुळे कुस्तीच्या गादीवरून उचलून न्यावे लागले. त्याच २०१८ साली आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवून आल्या. मधल्या दोन वर्षांत शस्त्रक्रिया करणाऱ्यापासून व्यायाम करवून घेणाऱ्यापर्यंत किती जणांचे हात लागले असतील! पुढे २०२४ साली पॅरिसमध्ये अंतिम लढतीच्या सकाळी वजन अवघे १०० ग्रॅम अधिक भरले आणि त्या अपात्र ठरल्या. दोष कोणाचा, या वादात मी पडत नाही. परंतु खाणे, पाणी, घाम आणि वजन हेही या वैद्याच्या अभ्यासाचे विषय आहेत, हे त्यावरून ध्यानी यावे. सर्दीखोकल्याच्या साध्या औषधातही निषिद्ध द्रव्य असू शकते आणि नकळत घेतलेल्या गोळीने खेळाडूवर बंदी येऊ शकते, तेव्हा तेही पाहावे लागते.

आपल्या सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरण मला या सर्वांहून मोठे वाटते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून हा मुष्टियोद्धा जवान अपंग झाला. उपचार म्हणून त्यांना पोहावयास सांगण्यात आले, आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथील दिव्यांगांच्या ऑलिंपिकमध्ये पोहण्यातच त्यांनी सुवर्णपदक मिळविले. उपचाराचेच पदक झाले!

या शास्त्रात आपली चूक कबूल करण्याचे धैर्यही आहे, ते मला विशेष भावते. मुरगळलेल्या अवयवाला विश्रांती, बर्फ, दाब आणि उंची द्यावी, हे सूत्र अमेरिकेतील डॉ. गेब मर्किन यांनी १९७८ साली मांडले. जगभर ते पाठ झाले, मीही शाळेत शिकविले. २०१४ साली त्यांनी स्वतःच लिहिले, की बर्फ व संपूर्ण विश्रांती यांनी बरे होण्यास विलंब लागू शकतो. आम्हा शिक्षकांना फळ्यावरचे वाक्य पुसावयाला इतका मोकळेपणा क्वचितच लाभतो.

असो. विरोधकांचे म्हणणे मी टाळणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. मार्ग लांबचा आहे. आधी प्रवेशपरीक्षा, मग आंतरवासितेसह साडेपाच वर्षे, मग पुन्हा परीक्षा आणि त्यापुढे तीन वर्षे. या विषयाच्या जागा देशात थोड्या आहेत. तेवढ्या पैशात दोन-तीन मुलांचे परिचारिकेचे वा तंत्रशिक्षणाचे काम होईल, असे खजिनदार म्हणतात, तेही खोटे नाही. मुलीचे वडील मला एकान्तात म्हणाले, “गुरुजी, तिशीला आलेल्या पोरीचे लग्न कोण जमवील?” त्यांस मी काय उत्तर द्यावे? माझ्यापाशी नव्हते. एवढेच म्हणालो, की ती काळजी आज तिच्या गुणपत्रिकेवर लादू नका. वैद्यकीय प्रवेश न मिळाला, तर भौतिकोपचाराची पदवी घेऊन याच क्षेत्रात येण्याची तिची तयारी आहे. तसे तिने अर्जात स्वच्छ लिहिले आहे, आणि हट्टापेक्षा मला तो विचार अधिक आवडला.

तेव्हा माझी सूचना अशी आहे. देणगी नको, बिनव्याजी कर्ज द्यावे. एकरकमी नको, दरवर्षीचा निकाल पाहून द्यावे, म्हणजे इतर मुलांचा हिस्सा बुडणार नाही. आणि एक अट घालावी. आपल्या मंडळाच्या क्रीडास्पर्धा दर हिवाळ्यात होतात. तेथे मांडव असतो, ध्वनिक्षेपक असतो, हारतुरे असतात. जखमी पोराला पाहणारा कोणी नसतो. या मुलीने यंदापासूनच, आपण शिकली ते सामन्यापूर्वीचे व्यायाम सर्व संघांकडून करवून घ्यावेत, आणि डॉक्टर झाल्यावर त्या मैदानावर दरवर्षी एक दिवस बसावे. मैदानावर ज्याला ती ‘बस’ म्हणेल त्याला बसविण्याचा अधिकार तिचा राहील. संघाच्या गुरुजींना त्यात बोलता येणार नाही. हे कलम मी माझ्या हाताने लिहून चिटणीसांकडे दिले आहे.

समितीची सभा येत्या रविवारी चार वाजता मंडळाच्या कार्यालयात आहे. ज्यांचा विरोध आहे त्यांनी अगत्याने यावे. किराणा दुकानदारही दुकान बंद ठेवून येणार आहेत. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे व त्यांना जिने चढणे अवघड जाते, म्हणून सभा खालच्या दालनात भरवावी, अशी चिटणीसांना माझी विनंती आहे.