'कामात हयगय'



आमचे आयुष्य गेट-मीटिंगा आणि चौकशीच्या फायली यांत गेले. मनाच्या व्याधीवर बोलण्याचा आम्हांस अधिकार काय, असे कोणी विचारील तर ते रास्तच आहे. पण 'कामात हयगय' हे शब्द असलेली आरोपपत्रे आम्ही शेकड्यांनी वाचली, आणि त्यांतील एकाने आम्हांस हा विषय वाचावयास लावला.

तो गडी फिटर होता. हजेरीचे कार्ड विसरे, पान्हा यंत्रापाशीच टाकून येई, साहेबाचे बोलणे पुरे होण्याआधी उत्तर देई. परंतु यंत्र बंद पडले की रात्रभर त्याला खिळून बसे आणि चालू करूनच उठे. यावरून व्यवस्थापनाने जे अनुमान काढले तेच आम्हीही काढले. मनात आणले तर करतो, म्हणजे एरवी मुद्दाम करीत नाही. आम्ही त्याला माफीनामा लिहून दिला आणि 'बाबा रे, सही कर' म्हणालो. पुढच्या चौकशीत तोच माफीनामा कबुली म्हणून पुढे आला. नोकरी गेली.

दोन वर्षांनी त्याच्या मुलाला शाळेने डॉक्टरांकडे धाडले. डॉक्टर मुलाची लक्षणे एकेक विचारीत होते आणि बाप म्हणत होता, 'साहेब, हे तर माझेच चालले आहे!' ही व्याधी पुष्कळदा घराण्यात उतरते, हे आम्हांस तेव्हा कळले.

तिला एडीएचडी म्हणतात. लंडनच्या डॉ. जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली आपल्या व्याख्यानांतून अशा काही मुलांचे वर्णन केले होते. तेव्हा सारा दोष मोबाइलवर ढकलण्याची सोय नाही.

चुळबूळ, मध्येच बोलणे, पाळी येईपर्यंत न थांबणे ही लक्षणे कोणालाही दिसतात. पण पुष्कळ मुली खिडकीबाहेर पाहत गप्प बसतात. वर्गाला त्यांचा त्रास नाही, म्हणून त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. मोठेपणी चुळबूळ आत जाते. माणूस बसलेला दिसतो, मन येरझारा घालते. बिले भरायची राहतात, वेळेचा अंदाज चुकतो, हाती घेतलेले काम अर्धे पडते. आणि आवडीच्या कामात तो बुडून जातो, म्हणून व्याधी नाही असे म्हणता येत नाही. लक्ष असते, ते हवे तिकडे वळविता येत नाही.

मात्र चार दिवस चित्त लागले नाही म्हणून कोणी हे नाव लावून घेऊ नये. लक्षणे निदान सहा महिने टिकलेली हवीत, घर, शाळा, काम अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसावीत, आणि त्यांतील काही तरी बाराव्या वर्षाआधीपासूनची असावीत. अपुरी झोप, चिंता, कमी ऐकू येणे यांतूनही असेच दिसते. ते डॉक्टरांनी निवडावयाचे. रक्त तपासून हे कळत नाही, माणसाची सारी हकीकतच विचारावी लागते.

अलीकडे आरोपपत्र घेऊन कोणी आले की आम्ही त्याला शाळेतले दिवस कसे गेले, हेही विचारतो. फिटरने उपचार घेतले. आज तो पंप दुरुस्त करतो. त्या माफीनाम्याची प्रत युनियनच्या कपाटात आहे. अक्षर आमचे आहे.