मावशी दारात का थबकल्या?



मागच्या महिन्यात प्रदर्शनातला माल विकून आम्ही सातजणी पुण्यातल्या एका मॉलमध्ये गेलो. तिथं बोलिंगचं मोठं दालन होतं. जांभळे दिवे, मोठ्यानं गाणी. गटातल्या मावशी दारातच थबकल्या. म्हणाल्या, "हे आपल्यासाठी नाही गं."

मी म्हटलं, नुसतं बघू तरी. बघता बघता लक्षात आलं, की झगमगाट वरवरचा आहे. खरी मांडणी वेगळीच आहे.

या खेळात लांब, गुळगुळीत पट्टीवरून चेंडू घरंगळत सोडायचा आणि टोकाच्या 10 बाटल्यांसारख्या खुंट्या पाडायच्या. काळ्या रेषेपासून पहिल्या खुंटीपर्यंत 60 फूट अंतर. पट्टीवर तेलाचा थर असतो, रेषा ओलांडली तर पाय घसरतो. म्हणून रेषा ठळक दिसते. सगळ्यात जास्त उजेड खुंट्यांवर, म्हणजे नजर आपोआप तिकडेच जाते. बसायची जागा खेळणारीच्या मागं, म्हणजे कुणी मध्ये येत नाही. चेंडू आदळल्याचा दणका घुमू नये म्हणून छताला आवाज शोषणारे तक्ते लावलेले असतात.

नवख्यांसाठी पट्टीच्या दोन्ही कडांना कठडे वर येतात, चेंडू बाजूच्या नाल्यात पडत नाही. भारी चेंडू सव्वासात किलोचा, तसे हलकेही असतात. ज्यांना वाकता येत नाही त्यांच्यासाठी लोखंडी घसरगुंडी असते. चेंडू वर ठेवायचा आणि नुसता ढकलायचा.

मावशींचे गुडघे दुखतात. त्यांनी घसरगुंडीवरून चेंडू ढकलला. सात खुंट्या पडल्या! मावशी लहान मुलीसारख्या टाळ्या पिटत होत्या.

परतताना एसटीत मी आपल्या गटाच्या खोलीचाच विचार करत होते. रंग कोणता द्यायचा यावर आपण दोन बैठका भांडलो. पण मावशींना खाली बसता येत नाही, म्हणून त्या बैठकीला दाराशी उभ्या राहतात, हे एकीच्याही ध्यानात आलं नाही.

तेव्हा रंग नंतर. आधी भिंतीलगत दोन बाकडी. पायरीला धरायला दांडा. हिशोबाच्या फळ्यावर चांगला दिवा. पत्र्याखाली आवाज घुमतो, तर भिंतीवर जुन्या गोधड्या टांगू.

तुमच्या गटाच्या खोलीत दाराशी कोण उभं राहतं, ते पुढच्या बैठकीत जरूर बघा.